रफूच्या दुकानातलं भिंग

तुम्ही माझ्यातून बघता, माझ्याकडे मात्र कधी बघत नाही. बघितलं असतं, तर एका माणसावर आळ आला नसता आणि एक चांगला चालणारा संसार दाराशी बॅग भरून उभा राहिला नसता.

मी भिंग बोलतोय. रफूच्या दुकानातलं, लोखंडी स्टँडवर बसवलेलं. माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेल्या काचेचा गोळा थंड केला, मग खरखरीत पूड लावून घासत घासत मला आकार दिला. मधे फुगीर, कडेला पातळ. ज्यांना लांबचं दिसत नाही त्यांच्या चष्म्यात माझा एक चुलतभाऊ जातो, तो मधे खोलगट. सख्खी भावंडं कुठे कुठे पांगली. एक कॅमेऱ्यात आहे, एक प्रयोगशाळेत जंतू मोठे करून दाखवतं. मी आलो भोकं बुजवणाऱ्याकडे.

माझं काम एकच. प्रकाश हवेतून काचेत शिरला की त्याचा वेग मंदावतो आणि तिरका शिरला असेल तर तो वळतो. बाहेर पडताना पुन्हा वळतो. माझ्या कडेवर पडलेले किरण जास्त वळतात, मधे पडलेला सरळ जातो, आणि लांबून आलेले सगळे पलीकडे एका ठिपक्यात भेटतात. कापड त्या ठिपक्याच्या अलीकडे धरलं, तर त्याचा धागान् धागा दोरखंडासारखा दिसतो. रफूवाल्याला तेवढंच हवं असे. कोटाच्या आतल्या शिवणीतून त्याच रंगाचे धागे उपसायचे आणि भोकावर उभे-आडवे विणायचे. गिऱ्हाईक नंतर बोटानं चाचपत राही आणि त्याला जागा सापडत नसे.

रफूवाल्याच्या छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याच्या बायकोनं एकच अट घातली होती. पुन्हा सिगारेट दिसली, तर मी बहिणीकडे जाईन, आणि मग न्यायला येऊ नका. तो हो म्हणाला आणि त्यानं शब्द पाळला. फक्त दुपारी शेजारच्या इस्त्रीवाल्यापाशी जाऊन उभा राही. कोळशाच्या धुराचा वास घेई आणि परत येई.

त्या आठवड्यात समोरच्या झाडाच्या फांद्या छाटल्या. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. इतकी वर्षं जे ऊन पानांत अडकत होतं, ते आता थेट खिडकीच्या फळीवर येऊ लागलं. फळीवर मी होतो, आणि माझ्या पलीकडे एका गिऱ्हाइकाचा काळा लोकरी कोट. रफूवाला मला तसाच उघडा ठेवून बाहेर गेला होता. डबा घेऊन बायको आली, तेव्हा कोटाच्या बाहीवर एक नवं भोक होतं. गोल, तपकिरी कडेचं.

तिनं नवऱ्याला आत बोलावलं. त्याच्या शर्टाचा वास घेतला. शर्टाला धुराचा वास येणारच होता.

"ओढलीत?"

"नाही."

"मग हे काय आहे?"

तो भोकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. ज्याला उत्तर सुचत नाही तो खोटा, असं माणसांचं गणित असतं. मला ते कधी कळलेलं नाही. सूर्याचं एक बारीक चित्र त्या बाहीवर पडलं होतं आणि बाई त्यात सिगारेट वाचत होती.

संध्याकाळी बॅग दुकानाच्या दारामागे येऊन बसली. हा कोट पुरा करते आणि जाते, असं तिनं सांगितलं. तुमचा हात त्याला लागायला नको, असंही सांगितलं. खरं तर बारीक काम तिचंच जास्त चांगलं. दोन दिवस ती माझ्यासमोर मान खाली घालून बसली आणि तो बाहेर स्टुलावर. जेवण वाढताना ती भिंतीशी बोलावं तसं बोले. तो चवही न सांगता जेवे.

शेवटचा टाका घालून तिनं कोट बाजूला घेतला, मला स्टँडवर वर सरकवलं आणि धागे गोळा करायला हात पुढे केला. मनगटाला चटका बसला. तिनं हात झटकला, मुंगी शोधली. मुंगी नव्हती. फळीवर डोळे दिपवणारा पांढरा ठिपका होता.

मग ती पहिल्यांदा माझ्यातून नाही, माझ्याकडे बघू लागली.

तिनं मला वर नेलं, ठिपका पसरला. खाली आणलं, तो मोहरीएवढा झाला. तिनं काळ्या लोकरीची एक चिंधी त्याखाली धरली. धुराची बारीक रेघ उठली, केस जळल्यासारखा वास आला आणि चिंधीला भोक पडलं. गोल, तपकिरी कडेचं.

"अहो, आत या."

तो आला. तिनं चिंधी त्याच्या हातात दिली आणि मला पुन्हा उन्हात धरलं. त्यानं दुसरं भोक पडताना पाहिलं. मग तो आपल्या खुर्चीवर बसला. तिनं बॅग उघडली. बॅगेतून जुन्या साडीचा तुकडा काढला आणि माझ्या मापानं कातरायला घेतला.

तीच ही पिशवी, जिच्यात मी आता काम नसताना असतो. तुमच्याही घरी माझं एखादं भावंड असेल, वाचायचा चष्मा किंवा टेबलावरचं भिंग. काम झालं की त्याला झाका, खिडकीत उघडं सोडू नका. आम्हाला चांगलं-वाईट कळत नाही. येईल तेवढा प्रकाश आम्ही वळवतो.

ती पिशवी शिवत होती तेव्हा शेजारचा इस्त्रीवाला कपडे द्यायला आला. भोक पडलेली चिंधी त्यानं पाहिली, दारामागची उघडी बॅग पाहिली आणि काय झालं ते ऐकून घेतलं.

"वहिनी, दादा रोज माझ्याच पुढ्यात उभे असतात," तो म्हणाला. "तुम्ही मला विचारायचं सोडून भोकाला विचारत बसलात."