नऊ नंबरचे जुने पाहुणे

लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून लेकीने आईबाबांना गाडीत घातलं आणि ती किनाऱ्याच्या रस्त्याने निघाली. मुक्काम कुठे, ते काही सांगेना. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कडा आणि मधे वळणंच वळणं. बाबा पुढे बसले होते. उभा जन्म चष्म्याच्या दुकानात गेला, म्हणून सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. मागे बायको काच खाली करून वारा खात होती. इतकी खुशीत ती कित्येक वर्षांत दिसली नव्हती.

दीपस्तंभ ओलांडल्यावर लेकीने गुपित फोडलं. मुक्काम त्या शंभर वर्षांच्या हॉटेलात. लाकडी जिना, पितळी नळ, सगळं जसंच्या तसं. शिवाय पहिल्या दिवसापासूनची पाहुण्यांची रजिस्टरं त्यांनी जपून ठेवलेली. जुना पाहुणा परत आला की त्याचं पान काढून दाखवतात म्हणे.

चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

एकोणतीस वर्षांपूर्वी ते तिथे दोन दिवस राहिले होते. घरी सांगितलं, भिंगांच्या कंपनीचं शिबिर आहे. बरोबर होती कंपनीची विक्रेती. काउंटरवर कारकुनाने पत्नीचं नाव विचारलं आणि या गृहस्थांना ऐन वेळी दुसरं एकही नाव सुचेना. खोटं बोलायलाही अंगात कला लागते. त्यांनी स्वच्छ अक्षरात बायकोचंच नाव लिहिलं. पुढे विक्रेतीची बदली झाली, प्रकरण मिटलं, आणि ते पान पुन्हा कुणी उघडेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

आता त्यांनी हातपाय मारून पाहिले. गुडघा दुखतोय म्हणाले, तर आता तिथे लिफ्टही बसवलीय. पोट बिघडलंय म्हणाले, तर बायकोने पर्समधून गोळी काढून दिली. वाटेत एक साधंसं लॉज दिसलं, त्याची त्यांनी एवढी तारीफ केली की लेकीला हसू आवरेना. भीक नको पण कुत्रा आवर, असं त्यांना झालं होतं. पण म्हणायचं कुणाला? स्टिअरिंग लेकीच्या हातात होतं.

काउंटरवर मॅनेजर वाटच पाहत होता. बुकिंगच्या नावांवरून शोधलेलं जाडजूड रजिस्टर उघडून ठेवलेलं. त्याने दोघांची नावं मोठ्याने वाचली, तारीख वाचली आणि कौतुकाने सांगितलं की नऊ नंबरचीच खोली राखून ठेवलीय.

"म्हणजे तुम्ही आधी आला होतात?" लेक आईकडे वळली. "मग मी कुठे होते?"

बायको चष्मा लावून वाकली. नवऱ्याचं अक्षर, त्याखाली स्वतःचं नाव. तिने तारखेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. त्या आठवड्यात लेकीला गोवर निघाला होता. ताप उतरेना म्हणून ही एकटी तिला मांडीवर घेऊन दवाखान्यात बसली होती. चष्मेवाल्यांनाही ते आत्ता आठवलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं, पण तिथली फरशी जुनी आणि पक्की होती.

"तुला मावशीकडे ठेवलं होतं," ती लेकीला म्हणाली. "छान गेले दोन दिवस."

लेकीने हरखून दोघांचा त्या पानाशेजारी फोटो काढला. चष्मेवाले हसले. दुसरं काय करणार?

खोलीत आल्यावर त्यांनी दार लावलं आणि बोलणी खायच्या तयारीने उभे राहिले. तिने रडावं, आदळआपट करावी, चार शब्द सुनवावेत. निदान माफी मागायला जागा तरी मिळेल. तिने शांतपणे बॅग उघडली, कपडे कपाटात लावले, त्यांचा टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला. त्यांना एकदम तिची भीती वाटली. मग ती पलंगाशी येऊन थांबली.

"अहो," ती म्हणाली, "मी कुठल्या बाजूला झोपले होते?"

त्यांना आठवत होतं. उशी हातात धरून ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली.