भुंग्याची शेवटची नळी

या, असे जवळ येऊन बसा. तिथे मागे आवाज पोचायचा नाही, आणि ही गोष्ट मोठ्याने सांगण्यासारखी नाहीच. देहात येण्याआधी जीव कुठल्या वाटेने चालतो, ते बघण्यात जन्म घालवलेल्या एका बाईची ही गोष्ट. मन लावून ऐका.

बाई शास्त्रज्ञ. पुरुषाचे शुक्राणू वाट कशी शोधतात, हा तिचा अभ्यास. ते उबेच्या दिशेने वळतात, हे तिने आयुष्यभर खपून दाखवून दिलं होतं. तिचा नवरा त्याच प्रयोगशाळेत यंत्रं दुरुस्त करायचा. हात चालू, की त्याचं गुणगुणणं चालू. म्हणून सगळे त्याला भुंगा म्हणत.

तिथे एक रीत होती. सकाळी कामाला बसण्याआधी, ज्याची चाल उत्तम असल्याची खात्री आहे अशा वीर्याच्या नमुन्याची एक गोठवलेली नळी वितळवायची. तिच्यातला थेंब काचेच्या बशीत तेलाखाली ठेवून मायक्रोस्कोपमधून बघायचा. त्यातले शुक्राणू नीट पोहले, की समजायचं, बशीखालच्या तापत्या तबकडीची ऊब बरोबर आहे. मग बाकीचे नमुने त्याच्याशी ताडून बघायचे. संध्याकाळी थेंब ब्लीचमध्ये टाकला, की दिवस संपला.

हा नमुना अनोळखी माणसाचाच असावा, असा नियम. बाईने भुंग्याचा घेतला. प्रेमातल्या माणसाला दुसरा कुणी उत्तम दिसतो का?

"म्हणजे मेल्यावरही मी तुझ्याकडे कामाला येत राहणार," तो हसला होता. "आणि तेही बिनपगारी!"

"तुझ्या जिभेला काही हाड?" ती म्हणाली होती.

पुढे एके दिवशी छातीत कळ आली आणि भुंगा गेला. नळ्या राहिल्या. वर्षानुवर्षं बाई सकाळी त्याला उबेला आणायची आणि संध्याकाळी आपल्याच हाताने ब्लीचमध्ये सोडायची. आपण हे काय करतो, याचा विचार तिने कधी केला नव्हता. शेवटची नळी हातात आली, तेव्हा केला.

त्या संध्याकाळी तिने थेंब टाकला नाही. "उद्या टाकते," म्हणाली.

सकाळपर्यंत सगळं शांत व्हायला हवं होतं. पण शुक्राणू पोहत होते. दुसऱ्या दिवशीही पोहत होते. आठवडा उलटला तरी थांबेनात.

"मॅडम, एवढे दिवस कुणाचे जगतात?" तिची सहकारी म्हणाली. मग आवाज खाली आणून, "आणि हे सगळे एकाच काठाला का जमलेत?"

बाई बसायची त्याच काठाला.

"माझ्या हाताची ऊब. दुसरं काय असणार?"

बाईने तबकडी बंद केली, हात मांडीवर घेतले आणि खुर्ची उचलून पलीकडे नेली. गार पडलेल्या बशीतला तो करडा पुंजका हळूहळू हलला, आणि अख्खा थेंब ओलांडून तिच्यामागे आला.

तेव्हापासून बाई जागची हलेना. लोकांचे नमुने पडून, घराला कुलूप. ती आणि तो थेंब. शेवटी सहकारीने तिच्या सासूबाईंना बोलावून घेतलं.

"अगं, काय ही दशा करून घेतलीस!"

"त्याला टाकून मी येऊ कशी, आई?"

म्हातारीने मायक्रोस्कोपला डोळा लावला. बघता बघता तिने आपलं बोट बशीच्या दुसऱ्या काठाला टेकवलं. थंडीतून आलेलं, बर्फासारखं गार बोट. पुंजका थबकला. मग वळला, आणि त्या बोटाकडे निघाला.

मायक्रोस्कोपला जोडलेल्या पडद्यावर ते बघून बाईचा चेहरा पांढराफटक पडला. "गारव्याकडे नाही हो जात ते, आई. कधीच नाही!"

"तापात असाच करायचा," म्हातारी म्हणाली. "माझा गार हात ओढून कपाळावर घ्यायचा आणि मग झोपायचा. उबेसाठी नाही आला गं हा. दमलाय."

"मी रोज मारलं त्याला."

"मारलं नाहीस. रोज हाक मारून उठवलंस. दमल्या माणसाला किती उठवायचं, बाळा?"

बाईने बशी उचलली, आणि परत खाली ठेवली.

"दे इकडे. देवाने आधी माझ्या ओटीत घातला होता. मीच परत देते."

म्हातारीने बशी ब्लीचमध्ये अलगद सोडली, निजल्या पोराला अंथरुणावर ठेवावं तशी. खोलीत काहीतरी थांबलं. थांबलं तेव्हा कुठे तिघींच्या लक्षात आलं, की इतके दिवस तिथे कुणीतरी गुणगुणत होतं.

दुसऱ्या दिवशी बाईने अनोळखी माणसाची नळी काढली. ते शुक्राणू वाटेल तिकडे पोहले. बघून तिला रडू आलं, आणि मग ती कामाला लागली.

तेव्हा माझ्या माणसांनो, गेलेल्याची गुणगुण कधी कानावर आलीच, तर त्याला हाक मारू नका. आणि देवापुढे हात जोडाल तेव्हा पोटच्या पोराला दुसऱ्यांदा निरोप देणाऱ्या त्या आईची आठवण असू द्या.