काच अप्पांची, पत्रा माझा

मित्रांनो, मी एक जुना रिळाचा कॅमेरा आहे. माझ्या पोटात रीळ घालावं लागतं. त्यात मोजकेच फोटो मावतात, आणि ते कसे आले हे रीळ धुऊन आणेपर्यंत कळत नाही. म्हणून आमच्या काळातली माणसं आधी डोळे भरून बघायची आणि मग बटण दाबायची. हल्ली लोक आधी दाबतात आणि जमलं तर नंतर बघतात. असो. वय झालं की अशी कुरकुर सुचतेच, ती तुम्ही मनावर घेऊ नका.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून कोणाच्या तरी पेटीतून मी बेंगळुरूला आलो आणि फिरत फिरत जवळच्या आनेकल गावातल्या नागोजी मास्तरांच्या हाती लागलो. शाळेतले खेळ असोत की गावातलं बारसं, मास्तर मला गळ्यात घालून हजर असायचे. ते माझी काच मफलरने पुसायचे. ते चूक आहे, काचेला मऊ कापडच हवं. पण इतक्या मायेने पुसायचे की मी कधी तक्रार केली नाही. मास्तर आले म्हटलं की सगळी शाळा केसांना पाणी लावून उभी राहायची, आणि मी मनातल्या मनात भाव खायचो.

एकदा तळ्याच्या बांधावर मी सायकलवरून पडलो. माझ्या डोक्यावरच्या पत्र्याला पोचा आला तो तेव्हाचा. त्या दिवशी मास्तर धड जेवले नाहीत. मी मात्र ठणठणीत होतो. बटण दाबलं की माझा पडदा टिक् करून उघडायचा आणि मिटायचा, अगदी पहिल्या दिवसासारखा.

पुढे मास्तर गेले आणि मला कपाटात चादरींच्या खाली ढकलण्यात आलं. मित्रांनो, वस्तूचं सगळ्यात जास्त नुकसान पडल्याने होत नाही, नुसतं पडून राहिल्याने होतं. दमट हवेने माझ्या काचेच्या आत बुरशी धरली. बारीक पांढऱ्या मुळ्या पसरत गेल्या आणि मला जग दुधातून दिसल्यासारखं दिसू लागलं. शेवटी एका सफाईत मी पितळेच्या गडव्यांबरोबर भंगारात गेलो.

रविवारच्या जुन्या बाजारात मला सौम्याने उचललं. ही सौम्या बेंगळुरूच्या जयनगरची, कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या मराठी घरातली. आठवडाभर मारतहळ्ळीच्या ऑफिसात कंप्युटरपुढे बसते आणि रविवारी जुने कॅमेरे शोधत हिंडते. तिच्या घरी आल्यावर मी चाट पडलो. काचेच्या कपाटात माझे कितीतरी भाऊबंद बसले होते. भात्यासारखी घडी होणारा एक, वरून डोकावून बघायचा एक, नुसत्या चौकोनी डब्यासारखा एक. कोणावर धुळीचा कण नव्हता. दर रविवारी ती एकेकाला बाहेर काढते, किल्ली देते, बटण दाबून त्याचा आवाज ऐकते आणि हसते. त्यांतल्या एकाला रीळ घालून लालबाग उद्यानात नेते. एका फोटोसाठी झाडाभोवती दोनदा फिरते, उन्हाकडे बघते, श्वास रोखते. मी पुष्कळ हात पाहिलेत, पण असा कदरदान हात क्वचितच पाहिला.

मला वाटलं, आपलं नशीब उघडलं. तेवढ्यात वरच्या कप्प्यात माझाच जुळा दिसला. तोच कारखाना, तीच जात, पण अंगावर एक ओरखडा नाही. तो सौम्याच्या अप्पांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, नरसिंहरावांचा कॅमेरा होता. अप्पा दर उगादीला, म्हणजे पाडव्याला, सकाळी सौम्याच्या आईला, अहल्याबाईंना, दारातल्या पायरीवर उभं करून फोटो काढायचे. हातात कडुनिंब आणि गुळाची वाटी असायची. अप्पा बराच वेळ लावायचे आणि अहल्याबाई दरवर्षी तेच म्हणायच्या, "पुरे की हो आता, उन्हात किती वेळ उभं करता!"

अप्पा गेल्यानंतर तो फोटो बंद झाला. कॅमेऱ्याची काच लख्ख होती, पण पडद्याची स्प्रिंग तुटून तो कायमचा मिटला होता. सौम्या फोनवर फोटो काढायला गेली की अहल्याबाई आत निघून जायच्या. यंदाच्या उगादीला अप्पांचाच कॅमेरा चालवायचा, असा सौम्याने ध्यास घेतला होता. मला तिने त्यासाठीच आणलं होतं. माझा पडदा काढून त्याला बसवायचा आणि उरलेलं टाकून द्यायचं. उरलेलं म्हणजे मी!

उगादीच्या आधीच्या रविवारी सौम्याचे बिंदुमाधव काका जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं पसरून बसले. अप्पांचे हे धाकटे भाऊ, त्यांना अण्णा म्हणायचे. कॅमेरे दुरुस्त करायचा नाद दोघा भावांना एकत्रच लागला होता. काकांनी माझ्या पुढची गोल कडी फिरवली आणि बुरशीची काच काढून बाजूला ठेवली. मग बटण दाबलं. टिक्! मी जीव तोडून आवाज केला.

"पडदा काय सुंदर चालतोय गं याचा," काका म्हणाले. मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण तो काढायचा तर वरचं कातडं सोलायला पाहिजे, आतल्या तारा तोडायला पाहिजेत. अण्णाच्या कॅमेऱ्यात बसला तर बसला. नाहीतर दोन्ही जातील."

"काका, काच बदलायला सोपी आहे ना?" सौम्याने हळूच विचारलं. "अप्पांची काच याला लावली तर?"

काकांनी पेचकस खाली ठेवला. "अण्णाचा कॅमेरा उघडून ह्या भंगाराला डोळा लावायचा? मी नाही करणार. तो आहे तसा कपाटात राहू दे."

सौम्याचे डोळे भरून आले. "मलापण तो तोडायचा नाही हो काका. पण तसाच ठेवला तर तो नुसता ठेवलेलाच राहणार."

माझा जीव टांगणीला लागला होता. पण खरं सांगतो, त्या पोरीकडे बघून मला वाटलं, घ्या माझा पडदा, काय व्हायचं ते होवो.

अहल्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या आल्या, त्यांनी अप्पांचा कॅमेरा उचलला आणि काचेत वाकून बघितलं.

"भावजी, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं त्यांनी मला बघितलं ते कशातनं? ह्या काचेतनंच की. पत्र्यातनं नव्हे."

काकांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "सरी, बरं वैनी," एवढंच म्हणाले आणि त्यांनी अप्पांच्या कॅमेऱ्याची कडी फिरवली.

ती काच माझ्यावर चढली तेव्हा काय झालं ते कसं सांगू! दूध ओसरलं. काकांच्या भुवईचा केस न् केस दिसला. काकांनी माझी पाठ उघडून रिळाच्या जागी पातळ तेलकट कागद चिकटवला, पडदा उघडा धरून खिडकीतून लांबची पाण्याची टाकी त्या कागदावर पकडली आणि ती स्पष्ट दिसेपर्यंत काच किंचित पुढेमागे केली. मग माझी बुरशीची काच त्यांनी अप्पांच्या कॅमेऱ्याला लावून दिली. "तो आंधळा दिसायला नको," म्हणाले.

उगादीच्या सकाळी अहल्याबाई निळी इरकली नेसून पायरीवर आल्या. हातात वाटी होती. सौम्याने मला डोळ्याला लावलं. माझा पोचा तिच्या कपाळाला टेकला. ती ऊन बघत राहिली, श्वास रोखून थांबली, पुन्हा एक पाऊल सरकली. अगदी अप्पांची लेक!

अहल्याबाईंनी पदर सारखा केला. सौम्याकडे नाही, माझ्या काचेकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पुरे की हो आता, उन्हात किती वेळ उभं करता!"

त्या स्वतःच चपापल्या. मग हसल्या, डोळ्यांत पाणी असताना हसल्या. आणि सौम्याने तेव्हाच बटण दाबलं. टिक्!

रीळ धुऊन आलं तेव्हा काका तो फोटो हातात धरून बसून राहिले. आता तो काचेच्या कपाटात माझ्या जुळ्याशेजारी टेकवून ठेवलाय. तिथली माझी जागा मात्र बहुतेक रिकामीच असते, कारण मी सौम्याच्या गळ्यात असतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाचा तरी कॅमेरा चादरींच्या खाली असेल. त्याला बाहेर काढा. मऊ कापडाने पुसा, मफलरने नको. कोरड्या जागी ठेवा, पण ठेवूनच देऊ नका. त्याच्या काचेतून कोणीतरी कोणाकडे तरी फार प्रेमाने बघितलेलं असतं. तुम्हीही एकदा बघा.