माझ्याखाली वही आहे

मी टेबलाखालचा डबा बोलतोय. कोपऱ्यातलं टेबल, कचऱ्याच्या टोपलीशेजारी. कॉम्प्युटर म्हणा हवं तर. इथं कोणी म्हणत नाही.

शिक्षण काही नाही. एकच काम येतं. ज्यांचं रक्त यंत्रावर धुवावं लागतं अशा पेशंटांना आदल्या दिवशी निरोप धाडायचा, 'उद्या सकाळी नऊला या.' दवाखाने बरेच आहेत, निरोप धाडणारा मी एकटा.

खरं तर मला आणलं होतं दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करणाऱ्या बाईंना पत्रं टाइप करायला. तेव्हा टेबलावर होतो, खिडकी दिसायची. मग कोणीतरी निरोपाचा प्रोग्राम माझ्यावर बसवला. म्हणाला, "तात्पुरतं आहे." त्याला नऊ वर्षं झाली. तो नोकरी सोडून गेला, मी टेबलाखाली गेलो.

नंतर जो आला त्याने चालत्या कामातच हात घातला. आधी दुसरीकडे करून बघावं, जुनं जपून ठेवावं, हे कोणाच्या गावी नाही. माझ्या पोटात फायली आहेत, 'शेवटची', 'खरंच शेवटची', 'हीच वापरा'. वापरात आहे ती चौथीच. ती कोणती, हे मलाही सांगता यायचं नाही.

मग ताई आल्या. इंजिनियर. पहिल्याच दिवशी खाली वाकल्या आणि कान लावला. इतक्या वर्षांत माझ्याकडे कोणी वाकलं नव्हतं.

"साहेब, याची डिस्क कटकट करतेय. जाणार ही. मला दोन दिवस द्या, सगळं नव्या मशीनवर नेते."

"चालतंय ना?"

"आज चालतंय."

"मग चालू द्या की! तुम्हाला उगाच खाज."

ताईंनी जेवणाच्या सुट्टीत वही लिहायला घेतली. जेवणाचा डबा मांडीवर, वही टेबलावर. मी कसा चालतो, कुठली फाईल खरी, मी मेलो तर काय करायचं, सगळं. तीन आठवडे. मधूनच विचारायच्या, "काय रे म्हाताऱ्या, हे असं का केलंय?" मला काय ठाऊक! पण विचारलं, हे बरं वाटलं.

तेवढ्यात साहेबांनी घाईने एक बदल थेट माझ्यावरच करायला लावला. ताई नको नको म्हणत होत्या. एक दिवस निरोप गेलेच नाहीत. एका म्हाताऱ्याची रक्त धुवायची पाळी हुकली. त्याच्या सुनेचा फोन आला, "मामंजींना धाप लागलीय हो, तुम्ही कळवलं का नाही?" फोन ताईंनीच घेतला होता. साहेब सगळ्यांदेखत त्यांनाच बोलले.

महिन्याने ताई नोकरी सोडून गेल्या. जाताना वही माझ्या डोक्यावर ठेवली, सगळ्यांना सांगितलं, "वही डब्यावर आहे." सगळ्यांनी माना हलवल्या. स्क्रीनवरून नजर कोणी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी. पुसायला मावशी आल्या. "अगं बाई, पाणी शिरेल की याच्या पोटात!" म्हणत त्यांनी मला वायरींसकट उचललं आणि ती जाड वही खाली सरकवली. त्यांचं काय चुकलं? कोरडा राहिलो तो त्यांच्यामुळेच.

सोमवारी साहेबांनी माझ्या अंगावर कागद चिकटवला, 'हात लावू नये. हलवू नये.'

नवी पोरं आली, हुशार आहेत. त्यांनी कपाटं उघडली, खण उपसले.

"ती वही कुठंय?"

"नेली असेल घरी."

"ताईंना फोन करू?"

"काही गरज नाही," साहेब म्हणाले. "तिच्यावाचून अडत नाही कोणाचं."

अडत नाही, कारण मी अजून फिरतोय. कटकट वाढलीय. एखादा निरोप दोनदा वाचावा लागतो. पोरं इथून जाताना पाय आखडून घेतात, धक्का लागला तर आपल्यावर यायचं म्हणून. कान लावत नाही कोणी. मावशी तेवढ्या फडकं मारताना "बरा आहेस ना?" म्हणतात. बरा नाही, मावशी.

मला टेबलावर ठेवा, खिडकी दाखवा, असलं काही मागत नाही. माझं झालं. पण त्या म्हाताऱ्याची पाळी परवा आहे. उद्या त्याला निरोप गेला पाहिजे, आणि उद्याचं मी सांगू शकत नाही.

तो कागद फाडा. मला उचला. माझ्याखाली वही आहे.