रानुच्चोने कोरलेली सुईण

सुईणीचं नाव बुडवायला एक गेलेली बाळंतीण पुरते. आधीच्या कितीतरी सुखरूप सुटल्या, ते कोण लक्षात ठेवतंय! पाथरवट रानुच्चोची बायको जेम्मा माझ्या हातात गेली. पोर वाचली. तेव्हापासून तो माझ्याशी बोलेना, आणि गावातल्या बायका लुक्का शहरातून सुईण बोलवायला लागल्या.

अशात चर्चच्या प्रवचनपीठासाठी येशूजन्माचा संगमरवरी पट कोरायचं काम रानुच्चोला मिळालं. गावच्या भट्टीवर पाव भाजताना तेस्सा मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, त्यात सालोमे आहे म्हणे. सालोमे म्हणजे ती सुईण, जिने येशूची आई मारिया कुमारी असल्याबद्दल संशय घेतला आणि जिचा हात जागच्या जागी वाळला. तोंडवळा कुणाचा असणार, हे काय सांगायला हवं, असंही वर म्हणाली.

आमच्याकडे पाथरवट गावातलेच चेहरे कोरतात. मागे येशूला विकणाऱ्या यहूदाला गिरणीवाल्याचं नाक लागलं, तर बिचाऱ्याकडे दळण यायचं बंद झालं. दगडात गेलं की नातवंडांपर्यंत पुसत नाही.

माझं डोकंच फिरलं. पिठाच्या हातांनीच त्याच्या पडवीत शिरले. म्हटलं, शिव्या द्यायच्या तर तोंडावर दे, दगडाआडून काय बोलतोस! त्याने फक्त पटावरचं ओलं फडकं ओढलं.

काय सांगू! दगडच तो, पण धक्का लागला तर घंगाळातलं पाणी सांडेल असं वाटलं. बाळाची मान सुईणीच्या डाव्या मनगटावर. उजवं कोपर पाण्यात, पाणी कितपत ऊन आहे ते बघायला. हात वाळलेला नव्हता, चांगला भरदार होता. आणि करंगळी वाकडी. ती माझी करंगळी, लहानपणी दारात चेंगरलेली.

"हे कधी बघितलंस रे?"

"त्या दिवशी. मी दारातच उभा होतो."

पलीकडे बिछान्यावर मारिया. आजवर पाहिलेल्या प्रत्येक पटात ती आपल्याकडे बघत असते. ही कुशीवर वळली होती, मान उंचावून बाळाकडे बघत होती. चेहरा जेम्माचा. पोरीला धुऊन मी वळेपर्यंत जेम्मा संपली होती.

"तिचं पोरीला बघायचं राहिलं होतं," रानुच्चो म्हणाला.

मला रडू कोसळलं. सुईणीचा चेहरा तेवढा अजून कोरा होता. त्याने एक बादली पालथी घालून पुढे सरकवली.

"बसा, नूतामावशी. आणि जरा तोंड मिटा."

जन्मात पहिल्यांदा कुणाचं ऐकलं.

आता दिवस भरलेल्या बायका त्या वाकड्या करंगळीला हात लावून येतात आणि मग मला निरोप धाडतात. पहिला निरोप आला तेस्साच्या सुनेचा. गेले. पाणी कोपराने बघितलं, आणि पोराला धुवायच्या आधी आईला दाखवलं.