लाल कण्हेरीचा कौल

नल्लम्माळने दोन्ही पुड्यांत लाल कण्हेरच बांधली. ओलेत्याने, देवळापुढच्या नदीच्या पायरीवर, सगळ्यांकडे पाठ करून. पुड्या बांधणाऱ्याने पाठच करायची असते, रीतच आहे तशी, त्यामुळे कुणाला संशय यायचं काही कारण नव्हतं. केळीच्या पानात एकेक फूल, वर कडुलिंबाचा पाला, सोपटाच्या दोऱ्याची गाठ. आणलेलं पांढरं फूल तिने मुठीत चुरगळून पाण्यात सोडून दिलं. आणि ही बाई कोण, तर अंगाळम्मन देवीला दाखवल्याशिवाय जिने जन्मात पोंगलचा घास तोंडात घातला नव्हता!

पण करणार काय? मुलाच्या, कदिरवेलच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. धाकट्या लेकीची, पूंगोडीची, जुळत होती. पूंगोडीचा नवरा मात्र दारातच म्हणाला होता, "दे की खुशाल. पण मग भावाकडेच राहा. अर्धी बायको मला नको." त्या मेल्याच्या जिभेला हाड नाही, पण बोलेल तसं करणारा माणूस. आणि पूंगोडी तरी काय, सूतगिरणीत उभी राहून राहून वाळून गेलेली, फुंकर मारली तर उडेल.

कदिरवेलनेच कौलाचं काढलं. "पाठच्या बहिणीकडे, तंगच्चीकडे, मी तोंड वेंगाडणार नाही," तो म्हणाला. "देवीआईला विचारू. पांढरं आलं तर घेईन, लाल आलं तर विषय संपला." विषय संपला म्हणजे काय, हे नल्लम्माळने तेव्हा विचारलं नाही. तिचा हिशेब साधा होता. आठवड्यातून दोनदा तो डायलिसिसच्या मशीनवर जातो, सरकारी यादीत नाव आहे, आज ना उद्या कुणाची तरी मिळेल. तोवर एक पोर मशीनवर आणि एक पोर आपल्या संसारात. दोघंही जिवंत. एवढंच तिला हवं होतं.

देवळात गर्दी नव्हती. काळ्या खांबांवर कुठल्याशा राजाच्या दानाची अक्षरं, तेलाच्या हातांनी गुळगुळीत झालेली. आत अंगाळम्मन हळदीने माखून, डोळे वटारून बसलेली. नल्लम्माळने त्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं.

"मोठ्यानं विचारा," पुजारी मरुदमुत्तु पुड्या देवीच्या पायाशी ठेवत म्हणाला. "हजार वर्षांची म्हातारी आहे ती. कमी ऐकू येतं."

कदिरवेल हसला. सुजलेल्या चेहऱ्यावर ते हसू कसंतरीच दिसलं. मग हात जोडून त्याने खणखणीत विचारलं, "आई, तंगच्चीची किडनी घेऊ का?"

देवळाबाहेरच्या फुलवालीच्या छोट्या नातीला पुजाऱ्याने उचलून आत नेलं. पोरीने दोन्ही पुड्यांवर हात फिरवला आणि एक उचलली. पुजाऱ्याने गाठ सोडली. लाल.

न उघडलेली पुडी पुजाऱ्याने रीतीप्रमाणे नदीत सोडली. पूंगोडी खांबाला टेकून खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. ते रडणं सुटल्याचं होतं, हे नल्लम्माळला कळलं, आणि पूंगोडीला आपलीच लाज वाटतेय हेही कळलं. तिच्या मनावरचं ओझं उतरलं. झालं ते बरंच झालं, ती मनात म्हणाली.

मग मंडपात बसून त्यांनी चिंचेचा भात सोडला. कदिरवेल पोटभर जेवला आणि त्याने तांब्या तोंडाला लावला. घोटभर नव्हे, अख्खा तांब्या. मग उठून नळावर गेला, पुन्हा भरून आणला, तोही संपवला.

"अरे, पाणी!" नल्लम्माळ ओरडली. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? अंगात पाणी भरेल तुझ्या."

"भरू दे. आता कशाला मोजायचं?"

"उद्या मशीनचा दिवस आहे ना?"

"नाही जायचं, अम्मा. उद्या नाही, परवाही नाही." तो अगदी शांतपणे बोलत होता. "आई नको म्हणाली. तिला मला ठेवायचंच नाही, तर मी सुया टोचून घेत कुणाला फसवू?"

नल्लम्माळने त्याचा दंड धरला. "ती काही म्हणाली नाही रे! मी केलं. दोन्हीत लालच होतं. पूंगोडीचं घर मोडू नये म्हणून मी बांधलं, या हातांनी."

पूंगोडीने मान वर केली. कदिरवेलने मात्र आईचा हात हातात घेतला आणि पोराची समजूत काढावी तसा थोपटला.

"मला वाचवायला खोटं बोलतेस होय?"

"तुझी शपथ, कदिरा."

"बरं, तू बांधलंस. पण लालच बांधायची बुद्धी तुला दिली कुणी? पांढरं का नाही सुचलं? तिच्या दारात बसून बांधलंस ना? मग तिनंच बांधून घेतलं तुझ्याकडून."

ती धडपडत पुजाऱ्याकडे धावली. सगळं सांगितलं, पाय धरले, पुन्हा कौल लाव म्हणाली. मरुदमुत्तुचा चेहरा पडला.

"त्याच प्रश्नाला दुसरा कौल नाही लागत, अम्मा," तो म्हणाला. "वर्ष जावं लागतं. पुढच्या आडी महिन्यात या."

ती परत आली तेव्हा पूंगोडी भावापुढे बसून विनवत होती. "अण्णा, मी देते. नवरा गेला खड्ड्यात. मी मनापासून देते, घे ना."

"आईने नाकारलेलं मी घेऊ? येडी आहेस का?" कदिरवेलने तिच्या डोक्यावर टपली मारली आणि फरशीवर आडवा झाला. "किती दिवसांनी तहान भागली," असं पुटपुटत त्याने डोळे मिटले.

नल्लम्माळ लेकीजवळ टेकली. पूंगोडी थोडी बाजूला सरकली.

"माझ्यासाठी केलंस ना?" ती हळूच म्हणाली. "मला विचारलं असतंस तर मी हो म्हणाले असते, अम्मा. भीत भीत, पण हो म्हणाले असते."

कदिरवेल घोरायला लागला होता. पूंगोडी उठली, रिकामा तांब्या तिने त्याच्या हाताला लागणार नाही असा लांब ठेवला, आणि भावाच्या उशाशी जाऊन बसली.