कच्चा राहिलेला पीब

माझ्या सासूबाईंचा पीब तीस वर्षांत एकदाही कच्चा राहिला नव्हता, आणि हे त्या दिवसातून तीनदा तरी ऐकवत. जमिनीत खड्डा, त्यात लाकडं पेटवून तापवलेले दगड, दगडांवर केळीच्या पानांत बांधलेलं डुकराचं मांस, वर पत्रा आणि माती. सहा तासांनी उकरलं की मांस नुसत्या बोटाने सुटतं. बोटीवरून जुनी देवळं बघायला येणारे पाहुणे आमच्याच अंगणात जेवतात. ते देवळं विसरतात, पण सेनोबियाबाईंचा पीब विसरत नाहीत. हेही सासूबाईच सांगतात.

देवळं दाखवायचं काम माझं. नऊ वर्षं झाली.

त्या मंगळवारी सकाळी सात वाजता त्यांनी हाक मारली. "नेयदी, ये गं, पानं धर. तोमासा अजून उगवली नाही."

मी जागची हलले नाही. पीब पुरताना पोटुशी बाई जवळ असली तर आतलं कच्चं राहतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि मला चौथा महिना लागला होता. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही नाही, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याला कळलं की सासूबाईंना कळणार, त्यांच्याकडून शेजारच्या तोमासाला, आणि तोमासाला कळलं की थेट बंदरापर्यंत.

याआधी दोनदा माझं पोट पडलं होतं. दोन्ही वेळा दुसऱ्या महिन्यातच गावभर बोभाटा झाला. दोन्ही वेळा सासूबाईंनी काम सोडायला लावून मला झुल्यात बसवलं; आमच्याकडे खाटेच्या जागी दोऱ्यांचा झुलाच असतो. देवळांकडचं वारं बाधतं म्हणे. मी छपराकडे बघत दिवसच्या दिवस भीत पडून राहिले, आणि मग ज्या बायका आनंद करायला आल्या होत्या त्याच सांत्वनाला आल्या. या वेळी मी ठरवलं होतं, तोंड बंद ठेवायचं आणि चालत राहायचं. चालत असले की मला भीती वाटत नसे.

"कानात बोळे घातलेत का?" सासूबाई ओरडल्या.

नाही म्हणावं, तर का ते सांगावं लागलं असतं. मी पानं धरली.

साडेदहाला बस आली. वीस पाहुणे उतरले, आणि सगळ्यांत शेवटी, दांडा धरून, फाबिओला उतरली. कोलंबियाची होती, पाचवा महिना संपत आलेला.

"एकट्याच?" मी विचारलं.

"नवरा बोटीवर आहे. चार दिवस ओकतोय बिचारा. पोर मला होणार आणि डोहाळे त्याला लागलेत."

मला ती तिथेच आवडली.

"ऊन आहे. चालवेल ना?"

"अहो ताई, बोटीवर जो येतो तो मला खुर्ची देतो. बसून बसून बुडाला मुंग्या आल्यात. मी चालायलाच आलेय."

मोठ्या देवळापाशी बाकीचे फोटो काढायला पांगले, तेव्हा आम्ही दोघी माडाच्या सावलीत खालच्या पायरीवर टेकलो. वर झाडात माकडं घसा फाडून ओरडत होती.

"त्या काळच्या बायका पोटुशा असताना इथे येत असतील?" तिने विचारलं.

"येतील काय, राहतच होत्या! त्यांना कोण झुल्यात बसवून ठेवणार होतं?"

हे मी जरा जास्तच तडकून बोलले. तिने माझ्याकडे वळून पाहिलं, आणि एकदम "आई गं!" म्हणत माझा हात ओढून आपल्या पोटावर दाबला. आत काहीतरी उलटलं, टोपलीत मासा उलटावा तसं.

"लाथ मारली! पहिल्यांदाच!" ती हसत होती आणि रडतही होती. "तुम्हाला किती मुलं?"

"एकही नाही," मी म्हणाले. मग वाटलं, हिची बोट साडेचारला सुटणार, हिला सांगायला काय हरकत आहे? "चौथा लागलाय. आधीची दोन गेली. कुणाला सांगितलेलं नाही."

तिने अरेरे केलं नाही, नवससायास सुचवले नाहीत. कंबरेवर हात ठेवून उठली आणि म्हणाली, "मग चला, त्या पलीकडच्या देवळापर्यंत जाऊन येऊ. चौघं." आम्ही गेलो. वाटेत तिने एकदाही खुर्ची मागितली नाही. कितीतरी दिवसांनी मला इतकं हलकं वाटत होतं.

दीड वाजता सगळे आमच्या अंगणात जमले. माती सारली, पत्रा उचलला. सासूबाईंनी पहिलं पान उलगडून बोट लावलं, आणि बोट तसंच राहिलं. मांस गुलाबी होतं, टणक. दुसरं पुडकं उघडलं, तिसरं उघडलं. तेच.

तोमासाने लगेच फाबिओलाकडे हात केला. "बघा! ही बया पोट घेऊन आली ना, म्हणून!"

पाहुणे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. "ती आत्ता आलीय, तोमासा. पीब पुरलाय सातला."

"सातला? तेव्हा तर मी नव्हते." तोमासाचे डोळे बारीक झाले. "मग पानं कुणी धरली?"

कुणी काही बोलायच्या आत फाबिओला पुढे झाली. "मावशी, चूक माझीच. सकाळी सातला मी बोटीवर तुमच्या पीबचाच जप करत होते."

"समुद्रावरून?" तोमासा म्हणाली. तिलाही ते पटलं नाही.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. आधी तोंडाकडे, मग माझ्या सैल झग्याकडे. मी नजर खाली घातली. आता झुला, मला वाटलं. आता तेच छप्पर.

त्यांनी ॲप्रनला हात पुसले. "दगड नीट तापले नव्हते. घाई माझीच झाली."

तोमासाने तोंडाचा आ केला तो मिटेना. बिचारीने तीस वर्षांत हे वाक्य ऐकलंच नव्हतं.

मांस बारीक चिरून मोठ्या कढईत चुलीवर चढलं. आंबट संत्र्याचा रस आणि कांदा पडला, आणि पाहुण्यांनी बोटं चाटली. पहिलं ताट फाबिओलाला गेलं, दुसरं माझ्यापुढे आलं.

"पाहुण्यांच्या आधी हिला?" तोमासा म्हणाली.

"सकाळपासून ओरडून तिचा घसा सुकलाय. तुझा कधी सुकला तर तुलाही देईन."

बस सुटताना फाबिओलाने खिडकीतून आपल्या पोटावर हात ठेवला आणि मग माझ्याकडे बोट दाखवलं. मी हात हलवला.

भांडी घासत होते तेव्हा सासूबाई शेजारी येऊन बसल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कितवा?"

"चौथा." आणि मी एका दमात बोलून टाकलं, "आई, मी झुल्यात बसणार नाही."

"बस म्हटलं का कुणी?" बराच वेळ त्या कढईचं बूड खरवडत राहिल्या. "दोनदा बसवलं. दोन्ही वेळा माझंच ऐकलंस तू." "या वेळी तुझं तू चाल. पानं मात्र उद्यापासून तोमासा धरेल."

"ती विचारेल ना, नेयदी का नाही म्हणून."

"सांगेन, नेयदीने आज पानं नीट धरली नाहीत, म्हणून पीब बिघडला..." त्या थांबल्या. मान हलवली. "नको. तुझं नावच नको त्यात. सांगेन, म्हातारी झाले, माझ्याच्याने आता पीब होत नाही, म्हणून तोमासा, तुला बोलावलं."

तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.